त्या मुलाच्या ताटाकडे बघू नका

जुलैत नातवाच्या शाळेत पालकसभा होती. सुनेला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले. पाहुणे म्हणून आलेले आहारसल्लागार बोलले छान. मागे पडद्यावर वडापाव, चिप्सची पाकिटं, शीतपेयांच्या बाटल्या. शेवटी त्यांनी आवाज चढवला: "तीस वर्षांपूर्वी वर्गात एखादंच जाड मूल असायचं. आज मोजा. तीस वर्षांत माणसाची जनुकं बदलतात का? नाही ना? मग 'आमच्याकडे आनुवंशिकच आहे' ही पळवाट सोडा. मूल जाड होतं ते तुमच्या लाडांमुळे आणि त्याच्या जिभेमुळे."

टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक आई दोन मुलांना घेऊन बसली होती. सात-आठ वर्षांचा मुलगा अंगाने चांगलाच भरलेला, धाकटी बहीण काडीसारखी. शाळेने मुलांना बिस्किटांचे पुडे वाटले होते. टाळ्या चालू असतानाच त्या आईने मुलाच्या मांडीवरचा पुडा हळूच उचलला आणि पर्समध्ये टाकला. मुलगा काही बोलला नाही. बहिणीचा पुडा बहिणीच्या हातातच राहिला.

प्रश्न विचारायला वेळ उरला नव्हता. मी तेहतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्या मुलाने ज्या मुकाट्याने पुडा जाऊ दिला, ते पाहिल्यापासून मला स्वस्थता नाही. म्हणून हे उत्तर लिहून काढते आहे.

वक्त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही, उलट वरवर बिनतोड वाटतो आणि म्हणूनच टाळ्या घेतो. जनुकं तीस वर्षांत बदलत नाहीत, हे शंभर टक्के खरं. बाजारातलं खाणं बदललं, मैदानं गेली, हेही खरं. चुकतं ते यापुढे. मुंबईत पाऊस परळला पडतो तसाच मलबार हिललाही पडतो, पण गुडघाभर पाणी साचतं ते हिंदमाताच्या सखल चौकात. पाणी आलं कुठून, असं विचाराल तर उत्तर पाऊस. याच चौकात का साचलं, असं विचाराल तर उत्तर जमिनीचा उतार. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. तीस वर्षांत जाड मुलं का वाढली, याचं उत्तर बदललेल्या जगात आहे. पण त्याच जगात, त्याच घरात, त्याच ताटावर वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकच का जाड होतं, याचं उत्तर जगात सापडत नाही. वक्त्यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर घेतलं आणि दुसऱ्या प्रश्नासाठी त्या मुलाला दोषी धरलं.

हे नुसतं उपमा देऊन सांगत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावी १९४८पासून लोकांची प्रकृती पिढ्यानपिढ्या नोंदली जाते आहे. वजनाशी संबंध असलेलं एफटीओ नावाचं जनुक २००७ साली सापडलं. त्याचा 'जड' प्रकार आईकडून आणि वडिलांकडून, असा दोन्हीकडून आलेली माणसं तो एकाकडूनही न आलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोने जड भरतात. पुढे फ्रेमिंगहॅमच्या नोंदी घेऊन संशोधकांनी या जनुकाचा परिणाम जन्मसालानुसार तपासला. १९४२च्या आधी जन्मलेल्यांमध्ये तो जवळपास दिसतच नव्हता. त्यानंतर जन्मलेल्यांमध्ये ठळक दिसला. जनुक तेच, गाव तेच. भोवतालचं खाणंपिणं आणि कामाची रीत बदलली आणि इतकी वर्षं निपचित पडलेला उतार पाणी धरू लागला. म्हणजे 'जनुकं बदलली नाहीत' हे वक्त्यांचं वाक्य जनुकांच्या विरोधातला पुरावाच ठरत नाही. बदललेल्या जगात जनुकाचा हात उलट जास्त स्पष्ट दिसतो.

लाडांचं म्हणाल तर त्याचीही परीक्षा होऊन गेली आहे. डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक मुलांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जुळली ती जन्मदात्या आईबापांशी, ज्यांच्या घरी ती वाढली नव्हती. ज्यांनी रोज जेवू घातलं, त्या आईबापांशी ती जुळली नाही. चार वर्षांनी स्वीडनमधल्या जुळ्यांचा अभ्यास आला. वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी वजनाने एकमेकांसारखी निघाली, जवळपास एकाच घरात वाढलेल्या जुळ्यांइतकीच.

आता जनुक करतं तरी काय? चरबी साठवणारी एखादी आळशी यंत्रणा, अशी बहुतेकांची समजूत असते. मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं. खरी गोष्ट त्याहून वेगळी आहे आणि ती दोन लहान मुलांपासून सुरू होते.

इंग्लंडात केंब्रिजला स्टीफन ओराहिली आणि सदफ फारूकी या डॉक्टरांकडे पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत-मावस भावंडं आली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. जन्मली तेव्हा दोघांची वजनं सर्वसाधारण होती. वेगळी होती ती भूक, कशानेच न भागणारी. तीन वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांनी जाड उंदरांवर काम करताना लेप्टिन हे संप्रेरक शोधलं होतं. शरीरातली चरबी ते रक्तात सोडते आणि 'साठा पुरेसा आहे' हा निरोप मेंदूला पोहोचतो. या भावंडांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच, कारण ते बनवणारं जनुक दोघांतही बिघडलेलं होतं. मेंदूच्या हिशेबाने ती मुलं उपाशी होती. आजूबाजूचे लोक मात्र त्यांना हावरट समजत होते. १९९७ साली हे जगापुढे आलं आणि मग लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली. असाच दोष असलेलं एक छोटं मूल उपचाराआधी एका बैठकीत अकराशेहून जास्त कॅलरी खात असे. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या खाण्याच्या निम्म्याच्या आसपास. इंजेक्शनं सुरू झाल्यावर त्याच मुलाने, त्याच प्रकारच्या जेवणात, सुमारे १८० कॅलरी खाल्ल्या आणि ताट सरकवलं. कुणी रागावलं नाही, कुणी धाक घातला नाही, जिभेवर ताबा ठेव म्हणून समजावलं नाही. मेंदूला निरोप पोहोचला, एवढंच झालं.

असा दोष जगात अत्यंत विरळा आहे, हे मला ठाऊक आहे. सभेतल्या त्या मुलात तो असण्याची शक्यता नगण्य. पण याच केंब्रिजच्या गटाने पुढे केलेलं एक काम वक्त्यांनी जरूर वाचावं. लहानपणीच अतिशय वजन वाढलेल्या ३०० मुलांची त्यांनी जनुकीय तपासणी केली. काहींमध्ये सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला निघाला. लेप्टिनचा निरोप मेंदूत पुढे नेण्यात ज्याचा भाग असतो, ते जनुक त्या तुकड्यात असतं. यातल्या काही मुलांची नावं ब्रिटिश समाजकल्याण खात्याने 'धोक्यातली मुलं' म्हणून नोंदली होती. आईबाप मुद्दाम अति भरवतात, हा संशय. 'तुमच्या लाडामुळे' हे वाक्य तिथे सभेपुरतं राहिलं नाही, सरकारी कागदावर चढलं. तपासणीचा निकाल आल्यावर ती नावं यादीतून काढावी लागली. त्या आयांनी मधली वर्षं कशी काढली असतील?

सर्वसाधारण मुलांची गोष्ट एका जनुकाची नसते, शेकडो जनुकांच्या बारीकबारीक वाट्यांची असते. तिथेही बोट मेंदूकडेच जातं. सुमारे ३ लाख ३९ हजार लोकांच्या तपासणीतून २०१५ साली वजनाशी संबंधित ९७ जागा जनुकसंचात सापडल्या. त्या जागांवरची जनुकं मुख्यतः कुठे कामाला असतात, हे पाहिलं तेव्हा मेंदू पुढे आला. त्यातही हायपोथॅलॅमस, मेंदूच्या तळाशी बसलेला तो लहानसा भाग, जिथे भुकेचा आणि तृप्तीचा जमाखर्च चालतो. लठ्ठपणाचा आनुवंशिक धोका म्हणजे बहुतांशी ही भुकेची ठेवण. एखाद्याला दुसऱ्या पोळीनंतर 'पुरे' वाटतं, एखाद्याला चौथ्या पोळीनंतरही वाटत नाही.

ही ठेवण दिसू लागते कधी? वक्ते म्हणतात तशी चिप्सची पाकिटं हातात आल्यावर नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या दोन हजार चारशेवर कुटुंबांचा पाठपुरावा झाला. बाळं नुसत्या दुधावर असतानाच आयांना विचारलं, दोघांत जास्त भूक कुणाला? जुळ्यांपैकी जे भुकेला जोरकस होतं, ते सव्वा वर्षाचं होईतो आपल्या जोडीदारापेक्षा सुमारे एक किलोने जड झालं होतं. आई तीच, घर तेच, वय तेच. सव्वा वर्षाच्या तान्ह्याला कुणी लाडावून बिघडवलं म्हणायचं? मला तर उलटंच दिसतं: ज्याला भूक जास्त ते जास्त मागतं, आणि मागणाऱ्या बाळापुढे आई वाटी धरते.

इंग्लंडमधल्याच ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या नोंदींवरही हेच पडताळलं गेलं. एकवीस लाख जागांचा हिशेब करून प्रत्येकाच्या जनुकीय धोक्याचा आकडा काढला. सर्वाधिक धोक्याचा दहावा हिस्सा आणि सर्वांत कमी धोक्याचा दहावा हिस्सा यांच्या जन्माच्या वजनात नाव घेण्याजोगा फरक नव्हता. अंतर पडू लागलं बालपणात, आणि अठराव्या वर्षी ते सुमारे १२ किलोंवर गेलं. जन्म आणि शाळा यांच्या मधली वर्षं मेंदू घडण्याचीही वर्षं असतात.

ते घडणं कसं होतं, हे उंदरांत फार जवळून पाहिलं गेलं आहे. उंदराचं पिल्लू अर्धवट मेंदू घेऊन जन्मतं; आपल्याकडे जे काम बरंचसं आईच्या पोटात होतं, ते त्याच्याकडे जन्मानंतर चालतं. हायपोथॅलॅमसमध्ये आर्क्युएट नावाचं एक केंद्र आहे. तिथून भुकेच्या चेतापेशींचे धागे बाकीच्या भागांकडे वाढत जातात. लेप्टिन नसलेल्या पिल्लांत हे धागे विरळ राहतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत लेप्टिन दिलं तर ते भरून येतात. प्रौढ झाल्यावर दिलं तर येत नाहीत, असं २००४ साली दिसून आलं. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या रॉबर्ट वॉटरलँड यांच्या गटाने २०२२ साली पुढचं पाऊल टाकलं. कोणतं जनुक बोलेल आणि कोणतं गप्प राहील हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा जनुकांवर असतात. उंदराच्या आर्क्युएट केंद्रात या खुणा दूध सुटण्याच्या सुमारास झपाट्याने बदलतात, माद्यांमध्ये नरांपेक्षा लवकर. आणि ज्या जागांवर त्या बदलतात त्या, माणसांमध्ये वजनाशी संबंधित ठरलेल्या जागांशी मोठ्या प्रमाणात जुळल्या. वॉटरलँड यांनी काढलेला निष्कर्ष मला पटतो: लठ्ठपणा हा मेंदूच्या जडणघडणीचाही प्रश्न आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी वर्गात शंभरदा सांगितलं आहे. पण माणसांची आणि उंदरांची खूण एकाच जागी पडत असेल, तर तिथे थांबून नीट पाहावं लागतं.

मराठी आयांना या घडणीचा एक टप्पा न शिकता ठाऊक असतो. मूल चालू-पळू लागलं की बाळसं उतरतं. गाल आत जातात, मनगटाच्या वळ्या जातात आणि आजीचा जीव खालीवर होतो. मग चिऊकाऊचे घास, पोटावर हात फिरवत आणखी एक पोळी. खरं तर तेव्हा मेंदू आपला वाटा ओढून घेत असतो. पाचेक वर्षांच्या मुलाच्या शरीराला विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकटा मेंदू खातो, असं २०१४ साली क्रिस्टोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी मोजलं. त्या काळात शरीराची वाढ सर्वांत मंद असते. बाळसं उतरल्यानंतर चरबी पुन्हा चढू लागते ती साधारण पाच-सहाव्या वर्षी. ज्यांची लवकर चढते त्यांना पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त, हे चाळीस वर्षांपूर्वीच फ्रान्समध्ये नोंदलं गेलं. उतरलेलं बाळसं हा दोष नाही. आपण त्याला दोष समजून भरवत सुटतो आणि तेच मूल आठ वर्षांचं झालं की त्याच्या पुढ्यातून पुडा उचलतो.

एवढं सगळं परदेशातलं सांगितलं, तर 'ते त्यांच्याकडचं' असं म्हणणारे निघतील. त्यांनी पुण्याला यावं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं लहान आणि रोड, यात कुणाला नवल वाटलं नसतं. पण कॅलिपरने त्वचेची घडी मोजली तेव्हा दिसलं की या रोड बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खूपच कमी भरले होते, पाठीवरची चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. किडकिडीत दिसणारं आणि तरी चरबी बाळगणारं बाळ. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारीशेजारी छायाचित्र आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. एफटीओ जनुकही याज्ञिक यांच्या गटाने आपल्या लोकांत तपासलं. युरोपात ते मधुमेहाकडे नेतं ते वजन वाढवून. आपल्याकडे त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध नुसत्या वजनाने पुरता उलगडला नाही. आणि त्याच सहा गावांतली मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा आढळलं की ज्यांच्या आयांना गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं.

या मुलाबाळांत लाड कुठे होते? बेचाळीस किलोंच्या, शेतात राबणाऱ्या आयांच्या घरात कसली चिप्स? सभेत ज्या काडीसारख्या बहिणीच्या हातात पुडा राहू दिला, ती निरोगी आणि भाऊ आजारी, हेही आपण डोळ्यांनी ठरवलं. आपल्या देशात डोळ्यांनी ते ठरत नाही. ज्या महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, तिथे मुलांच्या वाढीचा प्रश्न जिभेवर ढकलणं हे सोयीचं आहे. आईच्या ताटाबद्दल मग कुणाला बोलावं लागत नाही.

एक आक्षेप येणार, तो सभेतच मागून कुणीतरी पुटपुटत मांडलाही होता: जनुकांचं सांगितलं की लोक हातपाय गाळून बसतील. का बसावं? एफटीओचा 'जड' प्रकार असलेली माणसं नियमित हिंडतीफिरती असतील, तर त्याचा परिणाम सुमारे पाव भागाने कमी होतो, हे दोन लाखांवर प्रौढांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासूनचं साखरेचं रेशनिंग १९५३च्या सप्टेंबरात उठलं. त्याआधी ज्यांचा गर्भवास आणि पहिली दोन वर्षं मोजक्या साखरेवर गेली, त्यांच्यात पन्नाशी-साठीत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघालं. त्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं, पाळण्यात होते. त्यांच्या वतीने मोठ्यांच्या जगाने साखर मोजली होती. उतार माहीत असला की माणूस गटारं साफ करतो, पंप बसवतो. हिंदमाताला राहणाऱ्याला 'तू भिजलास कसा' म्हणून दरडावत नाही. आणि दरडावण्याने काय होतं तेही तपासून झालं आहे. वजनावरून चिडवल्या गेलेल्या मुलांचं वजन पुढच्या वर्षांत इतरांपेक्षा जास्त वाढतं.

बाळाच्या लाळेचा थेंब घेऊन त्याचं भविष्य सांगणारे चाचणीवाले या लेखाचा आधार घेतील, तर त्यांनाही माझा नकार आहे. हे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. आपल्या मुलांवर ते तितके बसत नाहीत, आणि बसले तरी ते शक्यता सांगतात, विधिलिखित नाही. त्या पैशात आईला वर्षभर दूध, फळं आणि पालेभाजी येईल. याच सहा गावांत या तीन गोष्टी जास्त खाणाऱ्या आयांची बाळं जास्त भरलेली निघाली होती.

शेवटी माझ्याकडचं एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याला उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. आमच्या शाळेत दर ऑगस्टला आरोग्य तपासणी असे. वजनकाटा वर्गात फळ्याशी मांडायचा, मुलांची रांग लावायची. मी आकडा मोठ्याने वाचायचे आणि मॉनिटर कार्डावर लिहायचा. पाचवीतली एक मुलगी आपला नंबर आला की आधी बूट काढी, मग मोजे, मग हातातल्या बांगड्या, मग वेणीची रिबीन. सगळं बाकावर नीट मांडून ती काट्यावर चढे आणि श्वास रोखून धरी. मी आकडा वाचायचे. वर्ग हसायचा. मी 'शांत बसा' म्हणायचे आणि पुढचं नाव घ्यायचे.

परवा नातवाच्या मुख्याध्यापकांना मी पत्र दिलं. काटा वर्गातून काढून कार्यालयाशेजारच्या खोलीत न्या. एका वेळी एकच मूल आत घ्या. आकडा मोठ्याने वाचू नका, कार्डावर लिहून बंद पाकिटात पालकांना द्या. पुडे वाटायचे असतील तर सगळ्यांना खाऊ द्या, नाहीतर कुणालाच वाटू नका. ऑगस्टची तपासणी पंधरा दिवसांवर आली आहे. तुमच्या मुलांच्या शाळेतही असेल. हेच पत्र तुम्हीही लिहा.